निविदेत सॉफ्टवेअरबरोबर त्याचा साचाही मागा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

राज्यातील कार्यालये आणि सहकारी संस्था आपली वर्कफ्लो सॉफ्टवेअर, म्हणजे कामाची फाइल टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी सॉफ्टवेअर, स्वतःच्या प्रायव्हेट क्लाउडवर, म्हणजे केवळ स्वतःसाठी राखलेल्या सर्व्हरच्या समूहावर, नेत असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमीत खर्च होता, सर्व्हरची संख्या होती, फीत कापतानाचे छायाचित्रही होते. मात्र हे सगळे उद्या कोलमडले, तर ते पुन्हा कोण आणि कशाच्या आधारे उभे करणार, याचा उल्लेख नव्हता. अशी सॉफ्टवेअर बसवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने हे पत्र लिहीत आहे.

दाखल्याचा अर्ज लिपिकाकडून नायब तहसीलदाराकडे, तेथून तहसीलदाराकडे जातो. प्रत्येक टप्प्याला मुदत असते आणि ती टळली तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जदाराला अपील करता येते. या प्रवासाचा नकाशा काढून प्रत्येक अर्ज कोठे अडला आहे याची नोंद ठेवणे, हे बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट म्हणजेच बीपीएम सॉफ्टवेअरचे काम. ते बंद पडले की एखादे टेबल नव्हे, संपूर्ण कार्यालय थांबते.

हे सॉफ्टवेअर म्हणजे एका संगणकावर बसवायचा एक प्रोग्रॅम नव्हे. आयबीएमचे उदाहरण घेऊ, कारण मला ते जवळून माहीत आहे. लोम्बार्डी ही कंपनी २०१० मध्ये ताब्यात घेतल्यावर आयबीएमने तिचे उत्पादन आणि स्वतःचा प्रोसेस सर्व्हर एकत्र करून २०११ मध्ये बीपीएमची ७.५ ही आवृत्ती आणली. मोठ्या वापरासाठी ती बसवायची तर सर्वांवर नियंत्रण ठेवणारा एक डिप्लॉयमेंट मॅनेजर, किमान दोन नोड म्हणजे त्याच्या हाताखालची यंत्रे, त्यांवर प्रक्रिया चालवणारा, संदेश पोहोचवणारा आणि पूरक सेवा देणारा असे तीन क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचे गट, शिवाय वेगवेगळे डेटाबेस, एवढा पसारा मांडावा लागे. आणि तोही विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांसाठी वेगवेगळा. हाताने बसवताना आठवडे जात, पण खरी अडचण वेळेची नव्हती. तिन्ही संच कागदावर सारखे असत आणि प्रत्यक्षात कधीच सारखे नसत. कोणीतरी एखाद्या पायरीवर वेगळा आकडा भरलेला असे, आणि चाचणीत उत्तम चाललेली प्रक्रिया प्रत्यक्ष वापरात अडली की तो आकडा शोधण्यात आमच्या रात्री जात.

यावर उपाय म्हणून साच्याची पद्धत आली. आयबीएमचे क्लाउडबर्स्ट हे उपकरण २००९ चे, त्याचेच पुढे वर्कलोड डिप्लॉयर असे नाव झाले आणि २०१२ मध्ये प्युअरॲप्लिकेशन सिस्टिम आली. आज हेच काम कुबरनेटीस ही सॉफ्टवेअर उभी करून चालवणारी प्रणाली आणि तिच्यासाठी लिहिलेले साचे, म्हणजे हेल्म चार्ट, यांच्या साहाय्याने होते. नावे बदलली, कल्पना तीच राहिली. ऑपरेटिंग सिस्टिमसह तयार केलेल्या प्रतिमा, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कच्या जशाच्या तशा प्रती, त्यांची जोडणी करणाऱ्या स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांच्या फायली आणि जागेनुसार बदलणारे मोजके तपशील, म्हणजे सर्व्हरची नावे, डेटाबेसचा पत्ता, मेमरी वगैरे, हे तिन्ही मिळून साचा होतो. हे तपशील भरले की संपूर्ण संच काही तासांत उभा राहतो आणि दहाव्यांदा उभा केला तरी पहिल्यासारखाच असतो. पासवर्ड आणि प्रमाणपत्रे मात्र साच्यात ठेवू नयेत, ती उभारणीच्या वेळी बाहेरून द्यावीत. साच्यातली चूक प्रत्येक प्रतीत उतरते, हेही लक्षात असावे.

एका संस्थेत, नाव सांगण्याचे कारण नाही, साठवण यंत्रणा निकामी झाल्यावर मला बोलावण्यात आले होते. डेटाबेसचा बॅकअप व्यवस्थित होता. परंतु तो ज्या संचावर चढवायचा तो कोणत्या पॅचवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोणत्या दुरुस्तीवर, होता आणि त्यात कोणते बदल हाताने केलेले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण तो बसवणारा अभियंता कधीच नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या टिपणांची वहीही त्याच्याबरोबर गेली होती. ११ दिवस संस्थेचा कारभार कागदावर चालला. कंत्राटदाराने करारभंग केला होता असेही म्हणता येईना, कारण करारात ‘सॉफ्टवेअर कार्यान्वित करून देणे’ एवढेच लिहिले होते आणि ते त्याने केले होते.

म्हणून निविदेत साचा आणि स्क्रिप्ट यांचा कंत्राटदाराने सुपूर्द करायच्या वस्तू म्हणून स्वतंत्र उल्लेख हवा आणि त्यांची मालकी कार्यालयाची असायला हवी. अंतिम देयक देण्यापूर्वी कंत्राटदाराने रिकाम्या सर्व्हरवरून संपूर्ण संच अधिकाऱ्यांसमोर उभा करून दाखवावा. यापुढचा प्रत्येक पॅच आधी साच्यात जावा आणि मग चालू संचावर. साचे निकामी होतात ते येथेच: घाईच्या वेळी कोणीतरी थेट सर्व्हरवर दुरुस्ती करतो, ती साच्यात नोंदवायची राहते आणि वर्षभरात साचा एक आणि वास्तव दुसरेच होऊन बसते.

दोन गोष्टींबद्दल गैरसमज नको. साच्यातून संच परत मिळतो, अर्ध्या वाटेवर असलेले अर्ज परत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी डेटाबेसचा बॅकअप लागतोच. दुसरे म्हणजे दोन नगरपालिकांना सर्व्हरचा साचा एकच चालेल, पण मालमत्ता हस्तांतरणाची फाइल दोन्हीकडे एकाच वाटेने फिरते असे गृहीत धरून प्रक्रियेचा नकाशाही एकीकडचा दुसरीकडे लादला, तर कर्मचारी महिनाभरात पुन्हा कागदी फायलींकडे वळतील. आणखी एक, परवाना शुल्क प्रोसेसरनुसार आकारले जात असेल, तर साच्यातून सहज काढलेली प्रत्येक जादा प्रत वर्षअखेरीच्या तपासणीत बिलाच्या रूपाने समोर येते, हे हिशेब विभागाला आधीच सांगून ठेवावे.

ज्या कार्यालयांचे देखभाल करार मार्चअखेर संपत आहेत, त्यांना नव्या निविदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. नूतनीकरणावर सही करण्याआधी त्यांनी कंत्राटदाराला एवढेच कळवावे की, आमच्या चाचणी संचाचे सर्व्हर पुसून टाका आणि तो संच आमच्यासमोर पुन्हा उभा करा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रणाली अभियंता, पुणे