टकटकणाऱ्या इंजिनाबद्दल, हेड उतरवण्याआधी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

सव्वादोन लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात टॅपेट (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे भाग) वाजायला लागले म्हणून तू थेट हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवायला निघालायस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. जरा थांब. इंजिन चालू असताना जे कळतं, ते हेड एकदा खाली आलं की कळत नाही.

सुरुवात ऑइलपासून कर. डिपस्टिकवर पातळी ठीक असेल तर प्रेशर स्विच काढून त्या जागी साधं गेज लाव आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाच. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा, नेमका आकडा मॅन्युअलमधला धर. प्रेशरच पडलेलं असेल तर हायड्रॉलिक टॅपेट (आत ऑइल भरून फट आपोआप मिटवणारे) भरणार नाहीत, आणि नवे टाकलेस तरी तेही वाजतील.

मग आवाज कुठला आहे ते ठरव. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे एका व्हॉल्व्हचा ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) एका प्लगच्या वायरला लाव. दर चमकेला एक ठोका ऐकू आला तर तो बहुधा व्हॉल्व्हकडचा, दोन आले तर क्रँककडचा. वेस्ट स्पार्क कॉइल असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या एकेका बोल्टवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लाव, म्हणजे सिलिंडरही सापडेल. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही दूर ठेव. इंजेक्टरची कोरडी टिकटिक असतेच, तिला दोष समजू नकोस. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो आणि तापल्यावर विरतो. जोडावर काळी काजळी दिसली की समज.

तुझ्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत की गॅप (व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी ठेवायची फट) हातानं सेट करायचे, ते तू लिहिलं नाहीस. हायड्रॉलिक असतील आणि सकाळी काही सेकंद वाजून थांबत असतील, तर रात्रभरात ऑइल उतरतं एवढंच, घाबरू नकोस. तापल्यावरही वाजतच राहिले तर मात्र कव्हर उघड.

गॅपवाले असतील तर इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पत्त्यांचा संच) घे. ज्या व्हॉल्व्हचं माप घ्यायचं, त्याच्या कॅमचा लोब (उंचवटा) पूर्ण उलट्या बाजूला आला पाहिजे. पत्ती ओढताना किंचित अडखळली की माप बरोबर. बऱ्याच इंजिनांत इनटेकला ०.१५ ते ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला थोडा जास्त गॅप असतो, पण खरा आकडा तुझ्या मॅन्युअलचा. माप घेतल्याशिवाय एकही स्क्रू हलवू नकोस. सगळे आकडे आधी कागदावर उतरव.

हे एवढं घोळवून लिहितोय, कारण वाजणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा न वाजणारा जास्त नुकसान करतो. सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडी) झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडा वर येतो आणि गॅप कमी होतो. गॅसवर चाललेल्या इंजिनांत हे लवकर होतं. आवाज उलट कमी होत जातो, म्हणून मालक खूश असतो. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकूनच सोडतो. तो पुरता टेकलाच नाही तर कडा जळते, आणि मग सिलिंडर मिस मारायला लागतो.

अशी शंका असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेजनं बघ. सगळे प्लग काढ, इंधन आणि इग्निशन बंद कर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव, प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा दाब दे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घे. आकडा चढला तर रिंग, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं साधन) मिळाला तर आणखी चांगलं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून हवा सोड आणि कान लाव. सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इनटेक, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

एक गोष्ट या चाचणीत सापडत नाही: झिजलेला लोब. लीकडाउन चांगलं येतं, कारण व्हॉल्व्ह बसतो नीट, फक्त पुरेसा उघडत नाही. म्हणून कव्हर उघडलं की प्रत्येक लोबची उंची मायक्रोमीटरनं घे आणि इनटेकची इनटेकशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी ताडून बघ. चांगल्या लोबचं टोक गुळगुळीत चकाकतं. झिजलेल्यावर बारीक खड्डे असतात आणि कडेला न घासलेली पट्टी उंच राहते, ती नखाला लागते. असा लोब सापडला तर कॅमबरोबर त्यावर घासणारा रॉकर किंवा टॅपेटही बदल. जुन्या खरबरीत तोंडावर नवा कॅम टिकत नाही. ऑइल फिल्टर कापून घडीत चुंबक फिरव. लोखंडाची भुकटी आली तर संपही (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून धुवावा लागेल.

लांब उतारावरून इंजिनवर गाडी उतरवून पुन्हा ॲक्सिलरेटर दिलास आणि निळा धूर आला, तर दोष व्हॉल्व्ह सीलचा किंवा गाइडचा (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी). नुसते सील असतील तर बऱ्याच इंजिनांत ते हेड न उतरवताही बदलता येतात. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचा. तो दाब मधेच सोडू नकोस, व्हॉल्व्ह खाली पडेल.

गॅपचे आणि कॉम्प्रेशनचे आकडे सिलिंडरवार लिहून पाठव, इंजिन थंड होतं की गरम तेही लिही. ते हाती येईपर्यंत हेडच्या बोल्टला हात लावू नकोस.

तुझा,
श्रीकांत