बाळाच्या तहानेविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

महत्त्वाचे तेवढे फोनवर बोललेच आहे, पण कारणे नीट कळावीत म्हणून लिहीत आहे. धाकटीचे बाळ गुणी आहे, रडत नाही, सलग पाच-सहा तास झोपते, याचे तुम्हांला कौतुक वाटते. मला मात्र त्याचीच काळजी वाटते. चार दिवसांच्या बाळाने दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा प्यायला हवे. दूध कमी पडले की बाळ मलूल होते, मलूल झाले की नीट ओढत नाही, आणि ओढले नाही की आईचे दूधही कमी होत जाते. अशाने अंगातले पाणी घटून रक्तातले सोडियम वाढले, तर झटके येऊ शकतात, मेंदूलाही इजा होऊ शकते. म्हणून त्याला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे आणि घोट गिळल्याचा आवाज येतो का, तिकडे कान द्यावा.

सोलापूरचा उन्हाळा मी जाणते, तरीही पाणी, साखरपाणी, गुटी, मध यांपैकी काहीही देऊ नये. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. वरच्या पाण्याने इवलेसे पोट भरते, दूध मागे पडते आणि जंतुसंसर्गाची भीती असते ती वेगळीच. दुपारी दुपट्यात घट्ट गुंडाळू नये.

बाबा, लंगोटांची नोंद तुम्ही ठेवावी. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट चांगले ओले व्हावेत आणि शी पिवळी व्हावी. लंगोटावर लघवीचा विटकरी डाग अजूनही दिसत असेल, तोंड कोरडे असेल, टाळू खोल गेली असेल, ताप असेल किंवा बाळ उठवूनही पीत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. जन्माचे वजन ३ किलो होते. त्यात ३०० ग्रॅमची घट झाली असेल, तरीही त्याच दिवशी दाखवावे.

सिझेरियननंतर दूध उतरायला कधीकधी उशीर होतो. डॉक्टरांनी काही दिवस वाटी-चमच्याने वरचे दूध द्यायला सांगितले, तर ते निःसंकोच द्यावे, आणि धाकटीला दूधच नाही असे तिच्यासमोर कोणालाही बोलू देऊ नये. ती आधीच घाबरलेली आहे. आज बाळाचे वजन करून आकडा मला कळवावा.

तुमची,
थोरली