पत्र्याच्या शेडमधल्या वायरिंगवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुम्ही विचारलं नव्हतंत, त्यामुळे ओळख गाडीवरूनच पटवतो. गणपतीच्या आधी, भुरभुर पाऊस चालू असताना, साताऱ्याबाहेर महामार्गालगत तुमच्या शेडसमोर क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी फियाट, थांबली होती. "फियाट का? या की आत," म्हणत तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. तो चहा तुम्ही नंतर प्यायलात की नाही कोण जाणे. मला तर आठवतंय, त्यात माशी पडली होती.

तेव्हा घाईत धड आभारही मानले नाहीत. तुमचा फोन नंबरही घेतला नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. पोराकडून मोबाइलवर वाचून घ्या.

मी का आलो होतो ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. महिनाभर आधी खंबाटकीचा बोगदा संपवून पुण्याकडे उतरत होतो. 'एस' वळणाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. मी ब्रेक दाबला आणि मागचा टेंपो अक्षरशः वीतभरावर येऊन थांबला. चालक उतरून आला तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीत होतो. तो एवढंच म्हणाला, "मागं लाइट लावा की, साहेब." लाइट लागत होता, मामा. पण दिसत नव्हता. हल्लीच्या गाड्यांना मागच्या काचेत, नजरेच्या उंचीवर तिसरा ब्रेक लाइट असतो. लोकांच्या डोळ्यांना त्याची सवय झालीय, आणि १९८४ सालच्या आमच्या गाडीला तो नाही. खाली जे दोन आहेत, त्यांच्यावरच सगळी भिस्त.

मग मी घाबरलेला माणूस करतो ते सगळं केलं. बल्ब बदलले. एका दुकानातून जास्त वॉटचे आणून लावले, तर लाल काचेला हात लावून बघितल्यावर चटकाच बसला. ती काच म्हणजे प्लॅस्टिक, वितळली तर दुसरी आणायची कुठून? बल्ब त्याच रात्री काढले. शेवटी ऑनलाइन पांढरे एलईडी मागवले आणि ते खिशात घेऊन तुमच्याकडे आलो. "हे बसवा आणि एक रिले टाकून द्या, दिव्यांना बॅटरीतून थेट करंट मिळेल," असं मी तुम्हाला रुबाबात सांगितल्याचं आठवतं. आता लाज वाटते.

तुम्ही एलईडीकडे बघितलंही नाही. मागे जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "पावनं, डावा इंडिकेटर टाका अन् ब्रेक दाबून धरा." मी धरला. तुम्ही हसलात. मला बाहेर बोलावलंत आणि पोराला ब्रेकवर बसवलंत. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की इंडिकेटर पेटला की ब्रेकचा दिवा मंद होतोय, विझला की जरा उजळतोय. दोघं एकाच तालावर. वर्षानुवर्षं गाडी चालवूनही हे मला दिसलं नव्हतं. दिसणार कसं, मी कायम पुढे बसलेला!

"बल्ब चांगला हाय. करंट जातोय, पर त्याला माघारी यायला वाट न्हाई. रंग कवा मारला?"

दोन वर्षांपूर्वी, मामा. वडिलांच्या आठवणीसाठी हौसेने, पैसे साठवून, दिवे-बंपर सगळं उतरवून मारला होता. तुम्ही दिवा सोडवून दाखवलात. त्याला अर्थिंगची वेगळी वायरच नाही, तो बॉडीला जिथे टेकतो तिथूनच अर्थ मिळतो. आणि नेमक्या त्याच जागेवर माझा क्रीम रंग, दोन हात जाड. बाकीचं काम स्क्रूच्या गंजाने केलेलं. एवढ्याशा वाटेतून ब्रेक आणि इंडिकेटर, दोन्हींचा करंट परतायला धडपडत होता.

मग मीटर लावलात. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. ब्रेक दाबल्यावर बल्बच्या होल्डरवर ९.८. हरवलेल्या २.८ पैकी २.१ व्होल्ट एकट्या अर्थच्या बाजूला गेलेले. घरी येऊन मी हिशेब केला. व्होल्ट घटतात त्याच्या कितीतरी पट उजेड घटतो, साधारण साडेतीनाव्या घाताने. म्हणजे व्होल्ट पावपटीनेही कमी झाले नव्हते, पण उजेड निम्म्याच्याही खाली आला होता. बल्ब २१ वॉटचा, पण रात्री शेजारच्या ५ वॉटच्या टेल लाइटपुढे तो उठून दिसायचाच नाही.

पुढचं काम तुम्ही न बोलता केलंत. होल्डर पॉलिश पेपरने घासले. दोन्ही दिव्यांना, टोकाला थिंबल म्हणजे धातूची कडी मारून, काळी वायर जोडली, डिकीत एका बोल्टखालचा रंग लखलखीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, वायर तिथे आवळली आणि वरून व्हॅसलीन फासलं. मी काच थिनरने पुसायला निघालो तर हातातून काढून घेतलीत. थिनरने तडकते म्हणालात, भांड्याच्या साबणाने धुवायला लावलीत. आतून काय धूळ निघाली!

पुन्हा मीटर. १२ च्या किंचित खाली.

मी रिलेचा विषय परत काढला, तर म्हणालात, "कशाला? ब्रेकच्या स्विचकडं पाऊण व्होल्ट बी जाईना. पैसं वाया घालवू नगा." पांढऱ्या एलईडीत लाल रंगच थोडा असतो, लाल काच उरलेला सगळा उजेड अडवते, आणि लावायचेच झाले तर लाल एलईडी आणा, हे जाता जाता सांगितलंत ते वेगळंच. विकायची वस्तू गिऱ्हाईक स्वतःहून मागतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, हे मी पुण्यात फार पाहिलेलं नाही. दीड तासाचे दोनशे रुपये घेतलेत. मी पाचशेची नोट पुढे केली, तर सुटे आणायला पोराला पावसात पळवलंत.

त्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी भिंतीला पाठ करून लावली. बायकोला मागे उभी केली आणि ब्रेक दाबला. "अगं बाई," एवढंच म्हणाली ती. मी आरशात बघितलं, अख्खी भिंत लाल.

एक काम आहे. उजव्या काचेला बारीक चीर दिसतेय. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या फियाट गेल्यापासून सामान मिळायचे वांधे झालेत. कुठे भंगारात धड काच दिसली तर माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा. दिवाळीत साताऱ्याला येतोय, येताना चितळ्यांची बाकरवडी आणतो. चहा मात्र आधी प्यायचा, मग बॉनेट उघडायचं.

तुमचा,
क्रीम फियाटवाला