तीनच सिनेमे ठेव

ठाणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

वाढदिवसाला घणसोलीच्या खोलीवर मित्रांना बोलावून दिवसभर सिनेमे बघायचे, हा बेत मला फार आवडला. फोनवर सांगितलेलं अर्धं निसटतं, म्हणून लिहून पाठवते.

तुझ्या यादीत पाच सिनेमे आहेत. त्यांची नुसती बेरीज जवळजवळ तेरा तास होते. त्यात जेवण, केक, उशिरा येणारे आणि मध्येच उठणारे धरलेच नाहीत. चौथ्या सिनेमाला निम्मे जण लोळलेले असतील आणि पाचव्याला ज्याचा वाढदिवस तो एकटाच जागा उरेल. म्हणून तीनच ठेव. सगळ्यांनी शेवटच्या पाटीपर्यंत जागं राहून बघितलेले तीन सिनेमे मला पाचांपेक्षा मोठे वाटतात.

'लगान' तुला हवाच आहे, तर तो पहिला लाव. तो ३ तास ४४ मिनिटांचा आहे. अकराला सुरू केलास तर साधारण पावणेदोन-दोन तासांनी थांबव आणि तिथेच जेवून घ्या. दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास झोपेचे असतात. त्या वेळेला संथ सिनेमा लावला की माणसं हातची गेली. इथे नेमकी शेवटची लांबलचक क्रिकेट मॅच येते, त्यामुळे कोणी पेंगणार नाही. साडेतीन-पावणेचारला तो संपेल. चहा घेऊन चारच्या सुमाराला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लाव. परेश मोकाशींचा २००९ चा सिनेमा. पावणेदोन तासांच्या आत संपतो, हलका आहे, आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांचं अख्खं घर कसं राबलं ते त्यात आहे. मग केक. साडेसहाला यादीतल्या उरलेल्या सिनेमांपैकी जो सगळ्यांचा पाठ आहे तो विनोदी लाव. शेवटचा सिनेमा नेहमी आधी बघितलेला असावा, म्हणजे थकलेल्या डोक्याला कथेमागे धावावं लागत नाही. नऊपर्यंत सगळं आटोपेल.

बेत शनिवारीच ठेव. रविवारी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमार्गावर दुरुस्तीचा मेगाब्लॉक असला तर ठाण्याकडून येणारे आणि पनवेलकडून येणारे, दोघेही अडकतात आणि तुझा अकराचा मुहूर्त एक वाजता लागतो.

आता प्रोजेक्टर. भाड्याने आणतोयस ते ठीक, पण शंभर इंचांचा हट्ट धरू नकोस. १०० इंची चित्र २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच होतं. ८० इंची १७७ बाय १००. तोच उजेड लहान जागेत पडला की चित्र दीडपटीहून जास्त उजळ दिसतं, आणि तू दिवसा बघणार आहेस, त्यामुळे तुला उजेडच कमी पडणार आहे. प्रोजेक्टर भिंतीपासून किती लांब ठेवायचा हे त्याच्या थ्रो रेशोवर ठरतं. दुकानदाराला तो आकडा विचार आणि चित्राच्या रुंदीने गुण. १.२ असेल तर ८० इंचांसाठी २१२ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे सात फूट. तुमच्या हॉलला ते सहज जमतं. खोक्यावर छापलेल्या लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या, मोठ्या आकड्यांवर जाऊ नकोस. एएनएसआय लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती, एवढंच विचार.

तुमची भिंत पिवळट आहे, तिच्यावर माणसांचे चेहरे आजारी दिसतील. पांढरी जाड चादर दुहेरी करून, इस्त्री करून, चारी बाजूंनी ताणून लाव. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो आणि सुरकुती पडली की ती चेहऱ्यावरच येते. फ्लेक्सचा उलटा पांढरा भाग लावायचं कोणीतरी सुचवेल, पण तो चकाकतो आणि मधोमध डाग दिसतो. चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेव. सगळे गाद्यांवर बसणार आणि तुमच्यातल्या ज्यांना मराठी येत नाही त्यांना सबटायटल लागणार. कड खाली गेली तर पुढच्यांच्या डोक्यांमागे अक्षरं जातात.

प्रोजेक्टर गादीवर किंवा उशीवर कधीही ठेवू नकोस. हवा ओढायची जाळी झाकली की तो तापतो आणि ऐन रंगात आल्यावर आपोआप बंद पडतो. स्टुलावर ठेव, सरळ समोर. तिरका ठेवलास तर चित्र पतंगासारखं वाकडं होतं. कीस्टोन नावाची सोय ते सरळ करते, पण चित्राचे ठिपके खाऊन, त्यामुळे अक्षरं पुसट होतात. आधी स्टुलाखाली वह्या घालून पातळी साध, कीस्टोन अगदी शेवटी. खिडक्यांना पडद्यावरून जाड चादरी लाव आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घे, कारण तिथला दिवा थेट पडद्यावर येतो.

आवाजात पोरं जास्त चुकतात. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे राहतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, संवादात लगेच खटकतं. साधी ऑक्सची, म्हणजे हेडफोनच्या खाचेत बसणारी, वायर लाव. स्पीकर पडद्याच्या खाली मधोमध हवा, कोपऱ्यात नको, कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि बोलणं बुडतं. संवाद दबलेले आणि गाणी कानठळ्या बसवणारी वाटली, तर ॲपमध्ये ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) च्या जागी स्टीरिओ निवड. स्पीकरखाली चौघडी घालून ठेव म्हणजे खालच्या मजल्यावर धमधम जाणार नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तुम्ही नऊला आटोपताय, तरी शेजारच्या काकूंना आदल्या दिवशीच सांगून ये आणि केकला बोलाव. औक्षणही त्यांनाच करायला सांग.

तालीम गुरुवारीच कर. ज्या ॲपवर सिनेमा बघणार त्याच ॲपने, त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरने. नुसतं यूट्यूब चालवून पाहिलंस तर काही कळत नाही. स्वस्त अडॅप्टरवर कॉपी-संरक्षण आडवं येतं आणि आवाज येतो पण पडदा काळा राहतो. टाइप-सी खाच दिसली म्हणून तिच्यातून चित्र येईलच असंही नाही. सिनेमा त्या ॲपवर अजून आहे का हेही तेव्हाच बघ, हक्क संपले की तो यादीतून निघून जातो. वायफाय बंद पडलं तर मोबाइलचं नेट लावू, असं तू म्हणालास. एचडीला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. रोजच्या २ जीबीत चाळीस मिनिटं निघतील. शक्य असेल ते आधीच डाउनलोड करून ठेव. लॅपटॉप चार्जरवर ठेव, स्लीप बंद कर, मेसेज दिसणं बंद कर.

एक्स्टेन्शन बोर्ड साधारण ६ अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम १३८० वॅट. प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर त्यावर आरामात चालतील. पण चहाची इलेक्ट्रिक किटली १५०० वॅटची आणि इंडक्शन २००० वॅटचं. ती दोन्ही स्वयंपाकघरातल्या मोठ्या प्लगवरच लावायची. ऑगस्टच्या पावसात दिवे क्षणभर जातात आणि राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-चार मिनिटं लागतात. त्याला एक छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालू ठेवणारी बॅटरी, मिळतो, तो घेऊन ठेव.

लाह्या विकत आणू नकोस. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात ३ मोठे चमचे तेल, साधारण १०० ग्रॅम पॉपकॉर्नचा मका. आधी तीनच दाणे टाकायचे. तिन्ही फुटले की तेल तयार. मग बाकीचे टाकून गॅस मध्यम, पातेलं हलवत राहायचं आणि झाकण बोटभर उघडं ठेवायचं. वाफ कोंडली की लाह्या चामट होतात. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंद जाऊ लागले की लगेच बंद. एवढ्यात आठ जणांचं एका सिनेमापुरतं होतं. अमूल बटर नको, बटरमध्ये पाणी असतं आणि लाही लगेच बसते. तूप कोमट करून त्यात चिमूटभर हळद घाल आणि वरून ओत. मीठ मिक्सरमध्ये पिठीसारखं बारीक कर, जाडं मीठ लाहीला धरत नाही, तळाशी जातं. सकाळीच तिन्ही घाणे करून ठेवायचा मोह होईल, पण या हवेत तासाभरात मऊ पडतात. प्रत्येक सिनेमाआधी नवा घाणा.

पुष्कळ दाणे तळाशी तसेच राहिले तर मका जुना, आतला ओलावा गेलेला. तो ओलावाच वाफ होऊन दाणा फोडतो. वाटीभर मक्यावर चमचाभर पाणी शिंपडून बरणी दोन दिवस बंद ठेव, मधूनमधून हलव. म्हणजे तेही गुरुवारीच.

जेवायला मसालेभात आणि ताक, बस्स. तळणाचे हात गाद्यांना लागतात. केक किलोभर पुरे, दिवे लावून काप, आणि निरांजन चादरीच्या पडद्यापासून लांब.

शेवटचा सिनेमा संपल्यावर प्रोजेक्टरची वायर एकदम ओढू नकोस. बटणाने बंद कर आणि पंखा थांबेपर्यंत थांब, नाहीतर दिव्याचं नुकसान होतं आणि अनामत जाते. ठाण्याच्या पोरांना दहाच्या आत गाडीत बसव.

सुखी राहा. पोटभर हसा.

तुझी,
आई

ता. क. औक्षणाचं तबक, निरांजन आणि सुपारी तुझ्या कपाटात वरच्या फळीवर निळ्या पिशवीत आहे. फुलवाती तिच्यातच घातल्या आहेत, पण तूप नाही. ते लाह्यांच्या वाटीतलंच घे, हळद घालायच्या आधी.