काका, माउस तुम्ही एकदाही हातात घेतला नाहीत

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र वर आणून तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही चष्मा लावून दोन ओळी वाचल्या असत्या आणि म्हणाला असता, "अगं, एवढं काय त्यात?" तोंडावर कौतुक केलं की तुम्ही लगेच विषय पावसापाण्यावर नेता. म्हणून माझ्या जुन्या कॉम्प्युटरसाठी तुम्ही जे केलंत, ते उघडं लिहिते. घरबसल्या टायपिंग आणि लग्नपत्रिकांची कामं करणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत, त्यांच्याही वाचनात येईल.

मला फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्ह रिकामा करून नव्याने मांडणं, या शब्दाची किती धास्ती होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी मशीन फार अडखळायला लागलं म्हणून एका दुकानात दिलं होतं. "डी ड्राइव्हला हात लावत नाही, फक्त सी ला फॉरमॅट मारून विंडोज टाकतो," असं त्यांनी सांगितलं आणि मी निश्चिंत झाले. डेस्कटॉपवर जे दिसतं ते सी ड्राइव्हमध्येच असतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मला माहीत नव्हतं. आप्पांनी शेवटच्या वर्षात सांगितलेल्या आठवणी मी रोज थोड्या थोड्या टाइप करून डेस्कटॉपवरच ठेवत होते. त्या गेल्या. पुढच्या पावसाळ्यात आप्पाही गेले.

ही गोष्ट तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग हळूच म्हणालात, की क्विक, म्हणजे झटपट फॉरमॅट मारल्यावर जुना मजकूर डिस्कवर लगेच पुसला जात नाही, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तो मिळायची आशा असते. म्हणून काही गेलंय असं लक्षात येताच मशीन बंद करायचं आणि पुढे काहीही टाकायचं नाही. माझ्या डिस्कवर मात्र तोवर अख्खं विंडोज चढलं होतं. तुम्ही खोटा धीर दिला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटलं.

गेल्या वर्षी १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आणि पुन्हा तीच वेळ आली. माझं मशीन २०१४ चं, चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तो रस्ता बंद. नवीन मशीनला पैसे नव्हते. आणि जुनं विंडोज सोडायची सोयही नव्हती, कारण पत्रिकांचं सगळं काम युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फाइलींच्या पोटात "शुभविवाह" हा शब्द इंग्रजी अक्षरं आणि खुणा म्हणूनच साठवलेला असतो. तो फॉन्ट आणि ते डोंगलवालं (किल्लीसारखा डोंगल जोडल्यावरच चालणारं) सॉफ्टवेअर नसेल तर पडद्यावर नुसती विस्कटलेली रांगोळी दिसते.

तोडगा तुमचाच. विंडोज राहू दे, पण त्याचं इंटरनेट तोडायचं, ते फक्त पत्रिकांपुरतं. बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, लेकीचा अभ्यास या सगळ्यासाठी शेजारी लिनक्स मिंट, विंडोजसारखीच पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. एकाच डिस्कवर दोन संसार. मला वाटलं, एका दुपारचं काम असेल. तुम्ही चार दिवस लावलेत, आणि त्यातले पहिले तीन दिवस लिनक्स टाकायचं नावही काढलं नाहीत.

पहिल्या दिवशी तुम्ही वही आणि पेन्सिल मागितलीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेला माणूस तुम्ही. "आधी टॅग लाव, मग वायर सोड," असं म्हणत माझ्याकडून डिस्कचं चित्र काढून घेतलंत. एक लांब पट्टी, तिच्यात चार कप्पे: सुरुवातीला विंडोजची छोटी राखीव जागा, मग सी १५०, डी ३०० आणि ई ४८१ जीबी. बेरीज ९३१ आली. एक टीबीची डिस्क म्हणून पैसे घेतले आणि ६९ जीबी कमी दिली, असा माझा अकरा वर्षांचा राग होता. तो तुम्ही तिथेच भागाकार करायला लावून घालवलात. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज मोजताना १०२४ च्या पटीत मोजतं. डिस्क तेवढीच, माप वेगळं.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये कुठल्या दोन ओळी बघायच्या ते तुम्ही दाखवलंत: खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) किती, आणि बदलायच्या रांगेत थांबलेले किती. दोन्हीकडे शून्य होतं. बावीस हजार तासांहून जास्त चाललेल्या डिस्कला ते शून्य बघून तुम्ही नमस्कार केलात, तो मी पाहिला. यातलं काही शून्य नसतं, तर आधी नवीन डिस्क आणायची आणि मगच पुढचं बोलायचं, असं तुम्ही बजावलंत.

दुसरा दिवस सगळा बॅकअपचा. बाहेरच्या डिस्कवर कॉपी झाली, "झालं" असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "उघडून दाखव." कुठल्याही दहा फाइली, त्यातही सगळ्यात जुन्या. मी उघडत गेले. आणि मग तो प्रश्न आला, सात वर्षांपूर्वी कुणी विचारला नव्हता तो: "डेस्कटॉपवर काय आहे?" काका, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. संध्याकाळी निघताना तुम्ही ती डिस्क केबलसकट खिशात घातलीत. "काम संपेपर्यंत ही माझ्याकडे राहील. मशीनजवळ नको." त्या रात्री मी शांत झोपले.

तिसऱ्या दिवशी तुम्ही यायच्या आधीच मी घाई केली. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून ई ड्राइव्ह लहान केला, मोकळी जागा काळ्या पट्टीत दिसायला लागली, तिथे उजवी क्लिक करून नवीन पार्टिशन, म्हणजे नवा कप्पा, सांगितलं. एक इशारा आला. डिस्क "डायनॅमिक" होईल, पुढे जायचं का? मला वाटलं, डायनॅमिक म्हणजे चांगलंच असणार. बोट माउसवर होतं. तरी एकदा विचारावं म्हणून तुम्हाला फोन लावला, आणि तुमचा तो आवाज मी विसरणार नाही: "थांब. नाही म्हण. मी आलो."

खाली येऊन तुम्ही रागावला नाहीत. वहीचं पान उलटून समजावलंत. माझी डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची. तिच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्येच पार्टिशनचा तक्ता असतो, त्याला जागा फक्त ६४ बाइट आणि एका नोंदीला लागतात १६. म्हणजे नोंदी चारच. विंडोज टाकतानाच कुणीतरी चारही प्रायमरी पार्टिशन करून तक्ता भरून टाकला होता. डिस्कवर जागा होती, तक्त्यात ओळ नव्हती. म्हणून विंडोज डायनॅमिकचा मार्ग सुचवत होतं, आणि तो मार्ग घेतला असता तर त्या डिस्कवर लिनक्स बसवणं अवघड होऊन बसलं असतं. शिवाय परतायचं तर सगळी पार्टिशन मोडावी लागतात. नवीन मशीनवरच्या जीपीटी पद्धतीमध्ये साधारण १२८ नोंदींची सोय असते, तिथे हा पेच येत नाही. पण जुनी मशीनं वापरणाऱ्या कितीजणींनी त्या प्रश्नाला "हो" म्हटलं असेल, असं राहून राहून वाटतं.

मग ई मोडला. हे एक क्लिक करताना माझा हात थरथरत होता, तरी तुम्ही माउस घेतला नाहीत. "मजकूर माझ्या कपाटात आहे, तू निवांत कर," एवढंच म्हणालात. त्या जागी एक एक्स्टेंडेड पार्टिशन आलं. तक्त्यात त्याची एकच ओळ, पण आत हवे तेवढे लॉजिकल कप्पे. पहिला कप्पा पुन्हा ई, ३५० जीबीचा, दोन्ही घरांच्या मधल्या ओसरीसारखा. उरलेल्यात लिनक्ससाठी ४० जीबी, त्यातल्या माझ्या फाइलींच्या होमला ८३ आणि रॅम कमी पडली तर लागणाऱ्या स्वॅपला ८. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही तुम्ही आठवणीने बंद करायला लावलंत, कारण ते चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला ओसरीवर लिहिता येत नाही.

लिनक्स टाकायचा चौथा दिवस, खरं सांगायचं तर, सगळ्यात सोपा गेला. लेकीने उतरवलेली लिनक्सची फाइल धड उतरली का हे बघायला तिची ६४ अक्षरी खूण तुम्ही तिला मोठ्याने वाचायला लावलीत आणि मी पडद्यावर जुळवली. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला. त्यातला यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) असं न लिहिलेला निवडायचा, कारण आमचं विंडोज जुन्या पद्धतीने बसलेलं, आणि दोघांची पद्धत एकच हवी. वीज दुरुस्तीसाठी जाते तो वार तुम्ही आधीच टाळला होता, तरी स्वतःचा यूपीएस दोन जिने उचलून आणलात. माझ्या यूपीएसची बॅटरी गेलीय हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं, मलाच आठवत नाही.

इन्स्टॉलरने सोपा पर्याय पुढे केला होता, तुम्ही तो नाकारून कप्पे स्वतः निवडायला लावलेत. नावावर जायचं नाही, आकार वहीशी जुळवायचा. ४० च्या जागी ४० दिसतंय ना? मग पुढे. अर्ध्या तासाने मशीन उठलं आणि काळ्या पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली. लेक ओरडली, "आजोबा, दोन्ही आहेत!" तुम्ही नुसतं हसलात आणि आधी विंडोज उघडून एक जुनी पत्रिका दाखव म्हणालात. दाखवली. अक्षर न् अक्षर जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोजच्या घड्याळात ४:४० वाजले होते, भिंतीवर १०:१०. मी घाबरून फोन केला. तुम्ही साडेपाच तास ऐकताच हसायला लागलात. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारताची वेळ समजतं, एवढंच. लिनक्समध्ये एक ओळ लिहिली आणि दोघांचं एकमत झालं. ती ओळही तुम्ही फोनवर एक एक अक्षर सांगून माझ्याकडूनच लिहून घेतलीत.

मागच्या महिन्यात लेकीच्या मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपवर असंच करायचं होतं. मी पहिला प्रश्न विचारला, बॅकअप कुठे आहे? दुसरा, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवली आहे का? ती नव्हतीच. ती मिळेपर्यंत मी लॅपटॉपला हात लावू दिला नाही. पोरी वैतागल्या. मला तुमचे ते तीन दिवस आठवले, मी काही बोलले नाही, वही पुढे केली.

गिऱ्हाइकं आता मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, मी तो लिनक्समध्ये उतरवून ओसरीवर ठेवते आणि विंडोजमध्ये जाऊन पत्रिका लावते. आप्पांच्या ज्या आठवणी मला अजून तोंडपाठ आहेत, त्या पुन्हा लिहायला घेतल्या आहेत. या वेळी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येतील. सव्वीस पानं झाली.

पेन्सिलीचं ते चित्र कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. बाहेरची डिस्क अजून तुमच्याच कपाटात आहे, ती तिथेच असू द्या. उद्या एक तारीख. संध्याकाळी बॅकअपसाठी न्यायला येते, आणि काकूंना सांगा, येताना गरम शेंगोळे घेऊन येतेय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची
कराड