कुंडलिकेत पाणी केव्हा येणार, हे काठावर कळायला हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबे राफ्टिंगसाठी रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जातात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मीही नातवंडांना घेऊन गेलो होतो. सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही साजे गावाजवळ पोहोचलो, तेव्हा कुंडलिका नदीत घोटाभर पाणी होते. दोघी जणी कपडे धूत होत्या, काही मुले नदीच्या मध्यावरच्या खडकांपर्यंत चालत गेली होती, आणि एका पर्यटक कुटुंबाने पात्रातल्या सपाट कातळावर चटई अंथरून न्याहारी मांडली होती. थोड्या वेळाने वरच्या अंगाला नदीचा आवाज बदलला. गावातल्या एका तरुणाने काठावरून जिवाच्या आकांताने हाका मारल्या म्हणून ती माणसे चटई तिथेच टाकून वेळेत बाहेर आली. अर्ध्या तासात तो कातळ दिसेनासा झाला. भोंगा वाजल्याचे मला ऐकू आले नाही, आणि पाण्याच्या वेळेचा एकही फलक आसपास आढळला नाही.

मी 34 वर्षे पाटबंधारे खात्यात काम केले आहे, त्यामुळे हे पाणी असे अचानक का येते, हे वाचकांसमोर मांडणे मला माझे कर्तव्य वाटते. ऐन उन्हाळ्यात कुंडलिकेत राफ्ट चालते, ती मुळा नदीच्या पाण्यावर. मुळशी धरणात अडवलेले हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथे उतरवून 1927 पासून त्यावर वीज तयार केली जाते, आणि वीज करून बाहेर पडलेले हे अवजल पुढे कुंडलिकेला मिळते. (ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांसह सत्याग्रह उभारला, तेच हे धरण, राफ्टमध्ये बसलेल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.) म्हणजे नदीला पाणी केव्हा आणि किती येणार, हे पावसावर नव्हे, विजेच्या मागणीवर ठरते. आकाश निरभ्र असते, ऊन तापलेले असते, आणि तरीही नदी भरते. पूर म्हणजे ढग हे समीकरण ज्यांच्या मनात पक्के आहे, त्या शहरी माणसाला इथे कोणतीही खूण मिळत नाही.

राफ्टिंग करणाऱ्यांसाठी तर पाण्याची पातळी हाच सगळ्यांत महत्त्वाचा आकडा आहे. खळाळांची 1 (सर्वांत सोपा) ते 6 (सर्वांत अवघड) अशी श्रेणी असते आणि कुंडलिकेचा सुमारे 12 किलोमीटरचा टप्पा सर्वसाधारणपणे 2 ते 3 या श्रेणीत धरला जातो. परंतु ही श्रेणी ठरावीक पाण्यालाच लागू असते. एखाद्या खडकाला पाणी वळसा घालून जाते, तेव्हा तो दिसतो आणि चुकवता येतो. पाणी वाढून त्याच खडकावरून कोसळू लागले की त्याच्या मागे प्रवाह उलटा फिरतो आणि पडलेल्या माणसाला तिथेच घोळवत ठेवतो. पाणी त्याहूनही चढले, तर त्याच जागी केवळ एक मोठी लाट उरते आणि राफ्ट तिच्यावरून सहज निघून जाते. उथळ पाणीही निर्धोक नसते. वेगवान प्रवाहात गुडघाभर पाण्यात कोणी उभे राहायला गेले आणि पाऊल दगडांच्या फटीत अडकले, तर मागून येणारा लोंढा त्याला तोंडावर पाडतो. म्हणूनच पाण्यात पडल्यावर उताणे राहावे, पाय प्रवाहाच्या दिशेने वर धरावेत आणि दोरी मिळेपर्यंत उठू नये, असे शिकवतात. आमच्या गाइडने ही सूचना दिली खरी, पण हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात आणि इतक्या घाईने की माझ्या नातीला ती मला पुन्हा समजावून सांगावी लागली.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली गॉली नदी मी काठावरून पाहिली. खोल घळईतून वाहणारी ही नदी कुंडलिकेपेक्षा कितीतरी उग्र आहे आणि तिच्या वरच्या टप्प्यात पाचव्या श्रेणीचे खळाळ आहेत. हिवाळ्याआधी समर्सव्हिल धरण रिकामे करताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे पाणी सोडतात, त्याच्या तारखा कितीतरी आधी जाहीर होतात. 1986 साली तिथे कायदाच झाला, आणि राफ्टिंगसाठी पाणी सोडणे हा त्या धरणाचा एक अधिकृत उद्देश ठरला. तिथे हजारो माणसे येतात, पण पाणी केव्हा येणार हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आपल्याकडे विजेच्या मागणीमुळे महिनोन्‌महिने आधी तारखा देता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु वीजनिर्मितीचे नियोजन आदल्या दिवशी होत असते. दुसऱ्या दिवशीची अपेक्षित वेळ आणि पाण्याचे प्रमाण संध्याकाळी ग्रामपंचायतींना कळवणे, ते मराठीत फलकांवर लिहिणे आणि मोबाइलवर पाठवणे याला फार मोठा खर्च येणार नाही. ऐनवेळी नियोजन बदलते, म्हणून नदीकाठच्या प्रत्येक वस्तीत ऐकू जाईल असा भोंगा मात्र हवाच. राज्य शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्यास सांगितले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र नोंदणी होते ती राफ्ट चालवणाऱ्याची. धुणे धुणाऱ्या बाईला, मासे पकडणाऱ्या मुलांना आणि कातळावर बसलेल्या पाहुण्यांना त्या नोंदणीने काहीच कळत नाही. रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जलसंपदा विभाग, वीजनिर्मिती करणारे, ग्रामपंचायती आणि राफ्टिंग व्यावसायिक यांना एकत्र बसवून येत्या उन्हाळी हंगामाआधी ही व्यवस्था सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, पुणे