बाबांच्या गोळ्यांच्या नव्या वेळा

आई, बाबा,

बाबा, तुम्हाला न विचारता डॉक्टरांशी बोलून गोळ्या बदलल्या. तीनाच्या साडेसात झाल्या म्हणजे पार्किन्सनचं दुखणं वाढलं, असं तुम्ही मनात धरणार. आधी हिशेब बघा. जुनी गोळी २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा नि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपाची, दिवसाला तीन. नवी १०० नि १० ची, दीड-दीड पाच वेळा. दोन्हीकडे ७५० नि ७५ च. संत्र्याला पाट सोडून ठिबक लावलं, तेव्हा पाणी वाढवलं होतं का तुम्ही?

लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, होतं. कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडून मळमळू नये म्हणून बाहेर राखण करतं. तरी दीडेक तासात रक्तातलं निम्मं उतरतं. आधी मेंदूतल्या पेशी ते साठवून पुरवायच्या, आता त्या कमी झाल्यात. म्हणून पुढच्या गोळीआधी पाय जमिनीला चिकटतात. आळस नव्हता तो, बाबा. मी तसं बोलले असेन तर विसरा.

आई, वेळा सकाळी ६, ९, दुपारी १२, ३, संध्याकाळी ६. गोळी पाण्यासोबत, जेवण तासाभराने. वरण, दूध, झुणक्यातली प्रथिनं आतड्यात नि मेंदूच्या दारात लेव्होडोपाची वाट अडवतात. वरण बंद नाही गं! ते रात्री, शेवटच्या गोळीनंतर, तूप घालून. दुपारी भाकर, अंबाडीची भाजी. गोळीने मळमळलं तर सोबत भाकरीचा कोरडा तुकडा दे. कडू लागली तर गूळ, मला द्यायचीस तसा.

अर्धी गोळी मधल्या रेघेवर तोड. अडकित्त्याने चुरा होतो. जुनी पट्टी डब्यातून आजच काढ. चुकून त्यातली दीड गेली तर एकदम ३७५ होतील, अंग आपोआप वळवळेल, चक्कर येईल.

एखादी चुकली तर पुढची दुप्पट नाही. मनाने एकदम बंद तर मुळीच नाही. ताप चढून अंग लाकडासारखं होऊ शकतं. उलटीसाठी दुकानातून मेटोक्लोप्रामाइड आणू नका, ते मेंदूत डोपामिनलाच अडवतं. लोहाची गोळी दोन तास लांब. आणि शेजारच्या काकांचं खाजकुहिलीचं चूर्ण नको. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच नको. चमच्यात किती गेलं ते कोण मोजणार?

बाबा, बंगईवरून उतरताना पाय टेकून दोन मिनिटं बसा, उभं राहताना रक्तदाब उतरतो. आई, सहाची गोळी नि पाण्याचा गडवा रात्रीच बाजेजवळ ठेव. पाय कधी अडतात, अंग कधी वळवळतं, ती वेळ कॅलेंडरवर लिही. रविवारी फोनवर वाचून दाखव.

तुमची,
छकुली